पीट पॉसलथ्वेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीट पॉसलथ्वेटचा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे एकत्र करून ठेवतेय. प्रश्नांना नंबर दिलेत, एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तो नंबर सांगितलाय, त्यामुळे हवं तिथून वाचलंत तरी चालेल. जिथे पिक्चरचा शेवट फुटतो तिथे आधी सांगितलंय.

१. हा नक्की कोण? नाव वाचून काहीच आठवत नाही.

चेहरा बघितलात की लगेच आठवेल. गालाची हाडं वर आलेली, नाक दबलेलं, डोळे खोल, आणि एकदा बघितला की विसरता येत नाही असा चेहरा. 'ज्युरासिक पार्क'च्या दुसऱ्या भागातला टक्कल केलेला शिकारी, 'द युजुअल सस्पेक्ट्स'मधला वकील कोबायाशी, 'इन्सेप्शन'मधला मरणाच्या दारातला उद्योगपती बाप, डिकॅप्रिओच्या 'रोमिओ + ज्युलिएट'मधला पाठीवर भलामोठा क्रॉस गोंदवलेला पाद्री, हे सगळे तोच. ७ फेब्रुवारी १९४६ ला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला जन्म, २ जानेवारी २०११ ला वयाच्या ६४ व्या वर्षी गेला. वॉरिंग्टन म्हणजे लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं कामगारांचं गाव, आणि हा भाग त्याच्या बोलण्यातून शेवटपर्यंत गेला नाही.

२. आडनाव म्हणायचं कसं? आणि एवढं अवघड नाव बदललं का नाही?

पॉसल-थ्वेट. मधला ट उच्चारत नाहीत. सुरुवातीला त्याला नाव बदलायचा सल्ला मिळाला होता, एवढं लांब नाव थिएटरबाहेर दिव्यांमध्ये कोण लावणार वगैरे, पण त्याने ऐकलं नाही. वडिलांचं नाव आहे तेच ठेवणार, विषय संपला.

३. चरित्र अभिनेता म्हणजे साइड रोलवालाच ना? मग याचं एवढं कौतुक का?

नाही, साइड रोल आणि चरित्र भूमिका यात फरक आहे. साइड रोलवाला हिरोची गोष्ट पुढे ढकलून निघून जातो. चांगला चरित्र अभिनेता आला की वाटतं या माणसाची स्वतःची एक आख्खी गोष्ट आहे, आपल्याला फक्त तिचा तुकडा दिसतोय. पीटच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. त्याच्या करिअरबद्दल लिहिताना लोक हॉलीवूडचे पिक्चर मध्ये ठेवतात आणि नाटकं तळटीपेत टाकतात, पण त्याने आयुष्य जगलं ते उलट. मध्ये स्टेज, आणि पिक्चर आजूबाजूला. हे एकदा डोक्यात ठेवलं की त्याचे बरेच निर्णय, जे बाहेरून विचित्र वाटतात, ते सरळ दिसायला लागतात. त्याबद्दल १३ आणि १४ नंबरला लिहिलंय.

४. तो आधी शिक्षक होता हे खरं का?

खरं. घर कॅथलिक, कामगार वर्गातलं, चार भावंडांत हा सगळ्यात धाकटा. पाद्री व्हायचाही विचार होता. मग लंडनजवळ ट्विकनहॅमला सेंट मेरीज कॉलेजात शिक्षकाचं ट्रेनिंग घेतलं आणि मँचेस्टरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत ड्रामा आणि पीटी शिकवायला लागला. म्हणजे पक्की नोकरी होती. ती सोडून चोविशीत ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत अ‍ॅडमिशन घेतली. घरच्यांना काय वाटलं असेल ते आपल्याकडच्या कोणालाही वेगळं सांगायला नको.

५. लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरचं नाव सारखं येतं, तिथे एवढं काय होतं?

होप स्ट्रीटवर, मूळच्या एका प्रार्थनागृहाच्या इमारतीत हे थिएटर होतं. १९७० च्या दशकात दिग्दर्शक अ‍ॅलन डॉसरने तिथे जी कंपनी जमवली तिच्यातली नावं बघा: जुली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर, आणि आपला पीट. लेखक कोण तर विली रसेल आणि अ‍ॅलन ब्लीझडेल. तेव्हा यातलं कोणीच प्रसिद्ध नव्हतं. नाटकं लिव्हरपूलच्या लोकांबद्दल, लिव्हरपूलच्या भाषेत, गोदीतले आणि फॅक्टरीतले लोक येऊन बसतील अशी.

शिवाय त्यांची एक छोटी टोळी होती, नाव व्हॅनलोड, ती व्हॅनमध्ये सामान भरून पबमध्ये आणि वस्त्यांमध्ये जाऊन प्रयोग करायची. हे ट्रेनिंग काय असतं ते विचार करून बघा, समोरचा माणूस हातात ग्लास घेऊन मित्राशी गप्पा मारतोय, तो तुमच्यासाठी आलेलाच नाही, आणि त्याला तुमच्याकडे बघायला लावायचंय, माइक नाही, लाइट नाही, पडदा नाही. पीटच्या पिक्चरमधल्या कामात जी गोष्ट सगळ्यांना जाणवते, की तो फ्रेममध्ये आला की नजर तिकडेच जाते आणि तरी तो काही विशेष करताना दिसत नाही, ती मला वाटतं तिथून आलीय. जुन्या इमारतीचं थिएटर २०११ मध्ये बंद झालं, त्याच जागी नवीन बांधलेलं २०१४ ला उघडलं आणि त्या वर्षी त्या इमारतीला ब्रिटनचं वास्तुकलेचं स्टर्लिंग प्राइझ मिळालं. पीटने ती नवी इमारत बघितली नाही.

६. रॉयल शेक्सपिअर कंपनीत काय केलं?

१९८० च्या दशकात बरीच वर्षं तिथे होता. 'सिरानो' नाटकात, मुख्य भूमिकेत डेरेक जेकोबी असताना, कवितेचं वेड असलेला बेकरीवाला रागनो, 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये बॉटम. 'सिरानो' टीव्हीसाठी रेकॉर्ड झालं होतं, ते मिळालं तर जरूर बघा, विनोदी भूमिकेत तो किती हलका होऊ शकतो ते दिसतं. पिक्चर बघून लोकांना वाटतं हा कायम गंभीर आणि करड्या नजरेचाच, तसं अजिबात नाही.

७. पिक्चरमध्ये पहिल्यांदा कधी दिसला?

रिडली स्कॉटच्या १९७७ च्या 'द ड्युएलिस्ट्स'मध्ये एकदम छोटासा रोल आहे, पाणी प्यायला गेलात तर चुकेल. १९८१ ला बीबीसीवर ब्लीझडेलच्या 'द मसल मार्केट'मध्ये मुख्य भूमिका केली. १९८४ च्या 'अ प्रायव्हेट फंक्शन'मध्ये खाटीक. पण लोकांनी नाव लक्षात ठेवलं ते १९८८ च्या 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज'मुळे.

टेरेन्स डेव्हिसने स्वतःच्या लिव्हरपूलमधल्या घरावर काढलेला हा पिक्चर, युद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळातला, आणि त्यात पीटने बाप केलाय जो बायकोला आणि मुलांना मारतो. घरातल्या हिंसेवरचे पिक्चर खूप आहेत पण यातला बाप राक्षस म्हणून दाखवलेला नाही. तोच माणूस ख्रिसमसच्या आदल्या रात्री झोपलेल्या मुलांकडे माया करून बघतो आणि दुसऱ्या दिवशी जेवणाचं टेबलक्लॉथ खसकन ओढून सगळं जमिनीवर टाकतो. दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर पटतात, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. कॅनच्या फिल्म महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, लोकार्नोच्या महोत्सवात गोल्डन लेपर्ड मिळाला. एकट्याने रात्री बघू नका एवढंच सांगेन.

८. 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये बाप-लेक एकाच कोठडीत दाखवलेत, खरंच तसं होतं?

नव्हतं, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो म्हणून नीट सांगते.

खरी घटना अशी. ५ ऑक्टोबर १९७४ ला इंग्लंडमधल्या गिल्डफर्डला पबमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने बॉम्बस्फोट केले. बेलफास्टचा जेरी कॉनलन आणि अजून तिघांना पकडलं, पोलिसांनी जबरदस्तीने कबुलीजबाब घेतले आणि १९७५ ला जन्मठेप झाली. जेरीचे वडील ज्युझेपे (पिक्चरमध्ये पीट) मुलाला वकील मिळवून द्यायला बेलफास्टहून लंडनला आले आणि तिथे मॅग्वायर या नातेवाइकांच्या घरी त्यांनाच अटक झाली. १९७६ ला त्यांना मॅग्वायर कुटुंबाबरोबर स्फोटकं हाताळल्याच्या आरोपाखाली शिक्षा झाली. तब्येत आधीपासून खराब, आणि १९८० मध्ये शिक्षा भोगतानाच ते वारले. मुलगा आणि बाकीचे तिघे १९८९ ला निर्दोष सुटले, मॅग्वायर कुटुंबावरचे आरोप रद्द व्हायला १९९१ उजाडलं. २००५ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअरनी जाहीर माफी मागितली.

पिक्चरमध्ये सगळ्यांचा एकत्र खटला दाखवलाय, तो खरा वेगवेगळा होता. बाप-लेक वर्षानुवर्षं एका कोठडीत ही तर दिग्दर्शक जिम शेरिडनची कल्पना. कोर्टात एमा थॉम्पसनचं वकिलाचं पात्र जे भाषण करतं तेही तसं झालेलं नाही. यावरून ब्रिटनमध्ये तेव्हा बराच वाद झाला होता आणि टीका करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

तरीही मला तो कोठडीचा बदल पटतो, कारण पिक्चरचा विषय खटला नाहीये, विषय हा आहे की बापाला कायम नेभळट समजणाऱ्या मुलाला कळतं की त्या बाईमाणसासारखं हळू बोलणाऱ्या, जपमाळ ओढणाऱ्या माणसात आपल्यापेक्षा जास्त ताकद आहे. ते पीटने एकदाही आवाज न चढवता केलंय. बाप गेल्यावर कैदी खिडक्यांतून पेटते कागद खाली सोडतात तो सीन आठवतो का? त्या सीनमध्ये पीट नाहीच, पण तो लागतो कारण आधीचा दीड तास त्याने उभा केलाय.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: मुलगा जेरी झालेला डॅनियल डे-लुईस १९५७ चा, पीट १९४६ चा. बाप आणि मुलगा यांच्यात फक्त अकरा वर्षांचं अंतर! डे-लुईस ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्याच नाट्यशाळेतला, सुरुवातीच्या दिवसांत तो पीटचा अंडरस्टडी होता, म्हणजे पीट आजारी पडला तर त्याच्या जागी उभा राहणारा. त्यामुळे पडद्यावर मुलगा बापाकडे ज्या नजरेने बघतो त्यात थोडं खरंही असेल असं मला वाटतं. 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स'मध्येही, १९९२ ला, दोघं होते.

९. ऑस्कर मिळालं का?

नाही. वरच्याच पिक्चरसाठी सहायक अभिनेत्याचं नॉमिनेशन होतं, आयुष्यातलं एकमेव. १९९४ च्या त्या सोहळ्यात ते 'द फ्युजिटिव्ह'साठी टॉमी ली जोन्सला गेलं. बाकीचे तिघे कोण होते तर राल्फ फाइन्स, जॉन माल्कोविच आणि एकोणीस वर्षांचा लिओनार्दो डिकॅप्रिओ. यातल्या डिकॅप्रिओबरोबर पीटने पुढे दोन पिक्चर केले, १ नंबरला दोन्हींची नावं आहेत.

१०. स्पीलबर्ग त्याला जगातला सर्वोत्तम अभिनेता म्हणाला होता, हे अफवा आहे की खरं?

ते वाक्य स्पीलबर्गच्या नावावर सगळीकडे छापलं गेलंय, आणि पीटची त्यावरची प्रतिक्रियाही. तो म्हणायचा, स्पीलबर्ग खरं असं म्हणाला असणार की पीटचा प्रॉब्लेम असा आहे की त्याला वाटतं तो जगातला सर्वोत्तम अभिनेता आहे. १९९७ ला स्पीलबर्गने त्याला लागोपाठ दोन पिक्चरमध्ये घेतलं, 'द लॉस्ट वर्ल्ड' आणि 'अमिस्टॅड', दुसऱ्यात तो सरकारी वकील आहे.

'द लॉस्ट वर्ल्ड'मधला रोलंड टेम्बो हा शिकारी बघा. पिक्चर तसा ठीकठाकच. पण हा माणूस पैसे नको म्हणतो, मला फक्त नर टी-रेक्सची शिकार करू द्या एवढीच अट, आणि शेवटी ते मिळाल्यावर त्याला काहीच आनंद होत नाही कारण जोडीदार मेलाय. पुढच्या नोकरीची ऑफर येते तर म्हणतो मी मृत्यूच्या संगतीत पुरेसा राहिलो. डायनोसॉरच्या पिक्चरमध्ये असा थकलेला, खरा माणूस! बाकी सगळे पळतात आणि ओरडतात, हा उभा राहून विचार करतो.

११. 'युजुअल सस्पेक्ट्स'मध्ये जपानी नाव, गोरा माणूस आणि बोलणं भारतीय-पाकिस्तानी वळणाचं, ही चूक आहे का?

(पिक्चर बघितला नसेल तर हे उत्तर सोडा.)

चूक नाही, तीच तर गंमत आहे. कोबायाशी कुठलाच नाही कारण कोबायाशी नावाचा माणूस ज्याने आपल्याला सांगितला त्याने ते नाव समोरच्या कपाच्या बुडावरून उचललंय. मग असा माणूस दिसेल कसा, बोलेल कसा? पीटने त्याला मुद्दाम कुठल्याच देशात बसणार नाही असा केला. पहिल्यांदा बघताना ते खटकतं, दुसऱ्यांदा बघताना कळतं की पुरावा पहिल्यापासून आपल्या कानात होता. शेवटच्या काही सेकंदांत गाडी चालवणारा चेहराही तोच, एक शब्द बोलत नाही आणि आख्खा पिक्चर उलटा होतो.

१२. त्याचा सगळ्यात चांगला पिक्चर कुठला?

माझ्यासाठी 'ब्रास्ड ऑफ', १९९६, दिग्दर्शक मार्क हर्मन. यावर वाद घालायला लोक येतात, येऊ दे.

पार्श्वभूमी माहीत नसेल तर पिक्चर अर्धाच कळतो. इंग्लंडच्या उत्तरेत कोळशाच्या खाणींचे स्वतःचे ब्रास बँड असायचे, खाणकामगार शिफ्ट संपवून संध्याकाळी ट्रंपेट, कॉर्नेट, युफोनियम घेऊन प्रॅक्टिसला जायचे, आणि राष्ट्रीय स्पर्धा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. १९८४-८५ चा मोठा संप कामगार हरले. मग ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने एकदम ३१ खाणी बंद करणार असं जाहीर केलं. यॉर्कशरच्या ग्राइमथॉर्पची खाण १९९३ ला बंद झाली. आणि याच ग्राइमथॉर्पच्या बँडने १९९२ ला राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती! पिक्चरमधलं ग्रिमली गाव काल्पनिक, पण ते म्हणजे ग्राइमथॉर्पच, आणि पिक्चरमधलं संगीत त्याच बँडने वाजवलंय.

पीट म्हणजे डॅनी, बँडमास्टर. फुप्फुसात कोळशाची धूळ बसलीय, खोकल्यात काळं पडतं, आणि त्याला एकच दिसतं, बँड. खाण जातेय, पोराचा संसार मोडतोय, घरातलं सामान उचलून नेलंय, आणि हा म्हणतो प्रॅक्टिसला वेळेवर या. सुरुवातीला या माणसाचा राग येतो आणि तो यायलाच हवा, पीटने त्याला गोड करायचा अजिबात प्रयत्न केला नाहीये. मग तो हॉस्पिटलात पडतो आणि एका रात्री बँडवाले हेल्मेटवरचे दिवे लावून खाली अंधारात उभे राहून 'डॅनी बॉय' वाजवतात.

(शेवट फुटतो.) अल्बर्ट हॉलमध्ये बँड जिंकतो, डॅनी हॉस्पिटलातून तिथे येऊन पोचलेला असतो, माइकसमोर उभा राहतो आणि ट्रॉफी घ्यायला नकार देतो. म्हणतो मला वाटायचं संगीत महत्त्वाचं आहे, पण माणसांपुढे ते काहीच नाही. सील किंवा व्हेल मासे असते तर तुम्ही सगळे उठून उभे राहिला असता, आम्ही साधी माणसं आहोत, आशा संपलेली. असं भाषण कुठल्याही नटाला मिळालं तर तो ते गाजवेल, टाळ्या घेईल. पीट ते अडखळत, श्वास पुरवत बोलतो, कारण डॅनीची फुप्फुसं गेलीयत आणि आयुष्यभर ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला ती तो लोकांसमोर मागे घेतोय. या भाषणाचा तुकडा चुंबावांबा बँडने पुढच्याच वर्षी 'टबथंपिंग' गाण्याच्या अल्बममधल्या आवृत्तीच्या सुरुवातीला घेतला, त्यामुळे पिक्चर न बघितलेल्या कितीतरी लोकांनी त्याचा आवाज ऐकलाय.

१९८८ ला मारकुटा बाप, १९९३ ला सहन करणारा बाप, १९९६ ला पोरापेक्षा बँड जपणारा बाप. हे तिघं ओळीने बघा, एकाच माणसाने केलेत यावर विश्वास बसत नाही.

१३. एवढं नाव झाल्यावर तो अमेरिकेला का गेला नाही?

कारण त्याचं मन तिकडे नव्हतं. इंग्लंडच्या पश्चिमेला श्रॉपशरमध्ये, बिशप्स कासल नावाच्या छोट्या गावाच्या परिसरात घर केलं आणि तिथेच राहिला. ज्या १९९७ मध्ये स्पीलबर्गचे दोन्ही पिक्चर आले त्याच वर्षी त्याने ब्रिस्टल ओल्ड व्हिकमध्ये मॅकबेथ केला. त्यानंतर 'स्कॅरमूश जोन्स' हे जस्टिन बुचरचं एकपात्री नाटक घेऊन देशोदेशी फिरला. त्यात शंभर वर्षांचा विदूषक १९९९ च्या शेवटच्या रात्री आपली कहाणी सांगतो, पन्नास वर्षं विदूषक घडायला लागली आणि पन्नास वर्षं तो खेळायला. साठीच्या उंबरठ्यावरचा नट, एकटा स्टेजवर, रोज वेगळ्या गावात. २००७ ला मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये 'द टेम्पेस्ट'चा प्रॉस्परो. पिक्चरमुळे प्रसिद्धी आणि पैसा मिळाला आणि ते त्याने नाटकात खर्च केलं, असं मी बघते.

१४. त्याचा लिअर फसला असं वाचलं, खरं काय?

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला हा म्हातारा राजा आपल्याला परका नाही, शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ची प्रेरणाच तो, त्यामुळे मराठी माणूस या नाटकाकडे जरा वेगळ्या जिव्हाळ्याने बघतो.

२००८ ला लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होती आणि पीटला लिअर करायचा होता तो एव्हरीमनमध्येच, जिथून सुरुवात केली तिथे. लंडनची मोठी थिएटरं असताना. रूपर्ट गूल्डने बसवलं. लिव्हरपूलला रिव्ह्यू चांगले आले नाहीत, बरीच टीका दिग्दर्शनातल्या करामतींवर होती. मग त्यांनी नाटकावर परत काम केलं आणि २००९ च्या सुरुवातीला लंडनच्या यंग व्हिकला नेलं. फसला म्हणणाऱ्यांनी बहुतेक पहिल्या आठवड्यातले रिव्ह्यू वाचलेत. आणि लिव्हरपूलची तिकिटं घेऊन जे लोक आले ते पस्तीस वर्षांपूर्वी पबमध्ये बघितलेल्या पोराला राजा म्हणून बघायला आले होते, ते रिव्ह्यूत येत नाही.

१५. हेक्सविल नावाचा व्हिलन त्यानेच केला ना? आणि त्याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

हो, शार्प नावाच्या ब्रिटिश सैनिकावरच्या 'शार्प' या टीव्ही मालिकेत, १९९४ चे दोन भाग, 'शार्प्स कंपनी' आणि 'शार्प्स एनिमी', हिरो शॉन बीन. लहानपणी फाशी देऊनही वाचलेला, मान झटकणारा, टोपीत आईशी बोलणारा सार्जंट. अंगावर काटा येतो.

महाराष्ट्राचा संबंध पुस्तकांतून येतो, मालिकेतून नाही. बर्नार्ड कॉर्नवेलने नंतर शार्पच्या तरुणपणीच्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यात हेक्सविल १८०३ च्या आसईच्या लढाईच्या आणि गाविलगडच्या वेढ्याच्या काळात आपल्याकडे आहे, म्हणजे आताचे जालना आणि अमरावती जिल्हे. त्या टीव्हीवर पीटबरोबर झाल्या नाहीत. नंतर भारतात शूट केलेल्या शार्पच्या भागांत हेक्सविल नाही, त्यामुळे तिथे शोधू नका.

१६. पर्यावरणाबद्दल तो खरंच गंभीर होता की नुसतं सेलिब्रिटीचं बोलणं?

गंभीर होता. २००९ चा 'द एज ऑफ स्टुपिड' बघा, फ्रॅनी आर्मस्ट्राँगचा. यात पीट २०५५ सालचा एकटा उरलेला माणूस आहे, जग उद्ध्वस्त झालंय आणि तो जुनी फुटेज बघत विचारतोय की वेळ होता तेव्हा आपण स्वतःला का वाचवलं नाही. त्याचा भाग काल्पनिक, बाकी फुटेज खऱ्या माणसांची. त्यात आपली मुंबईही आहे, गोएअर ही स्वस्त विमान कंपनी सुरू करणारे जेह वाडिया हे त्यातल्या खऱ्या माणसांपैकी एक. सामान्य माणसाला ट्रेनऐवजी विमान परवडावं हे स्वप्न आणि पर्यावरण यांची टक्कर, आणि पिक्चर सोपं उत्तर देत नाही.

लंडनला सौरऊर्जेवर चालणाऱ्या तंबूत प्रीमियर झाला तेव्हा ऊर्जामंत्री एड मिलिबँड समोर होते. पीटने सांगितलं की केंटमधल्या किंग्जनॉर्थच्या नव्या कोळसा वीज प्रकल्पाला मंजुरी दिलीत तर माझा ओबीई, म्हणजे ब्रिटिश सरकारचा किताब, परत करीन.

१७. मग ओबीई परत केला का?

वेळच आली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने तो प्रकल्प पुढे ढकलला आणि तो कधी झालाच नाही. ओबीई त्याला २००४ ला मिळाला होता. कोणी विचारतं की कोळसा खाणकामगारांच्या बाजूने बोलणारा डॅनी आणि कोळशाला विरोध करणारा पीट, हे जमतं कसं. मला यात विरोध दिसत नाही. डॅनीचा राग कोळसा बंद होण्यावर नव्हताच, माणसांना वाऱ्यावर सोडून बंद करण्यावर होता.

१८. 'इन्सेप्शन'मध्ये एवढा छोटा रोल का घेतला?

रोल काही मिनिटांचाच, पण सगळी चोरी ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती म्हणजे मुलाला बाप आपल्याबद्दल काय विचार करत होता ते कळणं. तो बाप पोकळ वाटला असता तर पिक्चर कोसळला असता. बाप पीटचा, मुलगा किलियन मर्फीचा, आणि त्या तिजोरीच्या सीनमध्ये पीटकडे जवळजवळ फक्त श्वास आणि मोजकेच शब्द आहेत. १२ नंबरमधली बापांची रांग इथे पुढे जाते.

त्याच वर्षी, २०१० ला, 'द टाउन'मध्ये बॉस्टनचा फुलवाला गुंड केला, काटे छाटता छाटता धमकी देणारा. त्यासाठी बाफ्टा या ब्रिटिश फिल्म पुरस्काराचं नॉमिनेशन जाहीर झालं तेव्हा त्याला जाऊन दोनच आठवडे झाले होते. शेवटचा पिक्चर 'किलिंग बोनो', २०११.

१९. तो कशाने गेला?

कॅन्सरने. १९९० मध्ये अंडकोषाचा कॅन्सर झाला होता, त्यातून बरा झाला, आणि ८ नंबरपासूनच्या बहुतेक मोठ्या भूमिका त्यानंतरच्या आहेत हे लक्षात घ्या. नंतर स्वादुपिंडाचा झाला. श्रूसबरीच्या हॉस्पिटलात गेला. आत्मचरित्र 'अ स्पेक्टॅकल ऑफ डस्ट' त्याच्यानंतर २०११ मध्ये छापून आलं.

२०. हॅरी पॉटरमध्ये तो कोण होता?

कोणीच नाही. ब्रिटनचे एवढे सगळे नट त्यात होते, त्याची जुनी सहकारी जुली वॉल्टर्ससुद्धा, त्यामुळे हाही असणार असं लोक धरून चालतात.

२१. सुरुवात कुठून करू? घरी मुलंही आहेत.

मुलांबरोबर 'जेम्स अँड द जायंट पीच' लावा, त्यात तो जादूच्या जिभा देणारा म्हातारा आहे आणि गोष्ट सांगणारा आवाजही त्याचाच. 'द लॉस्ट वर्ल्ड' जरा मोठ्या मुलांसाठी. मोठ्यांनी पहिला 'ब्रास्ड ऑफ', मग 'इन द नेम ऑफ द फादर', मग 'द युजुअल सस्पेक्ट्स'. घरात कोणाला स्मृतिभ्रंश असेल तर १९९९ चा टीव्ही पिक्चर 'लॉस्ट फॉर वर्ड्स' शोधा, आईची काळजी घेणारा मुलगा पीट आणि आई थोरा हर्ड, हसू येतं आणि घशात दाटूनही येतं. 'डिस्टंट व्हॉइसेस' सगळ्यात शेवटी, शांत वेळ असेल तेव्हा. सबटायटल लावूनच बघा, उत्तर इंग्लंडचे उच्चार कानाला बसायला वेळ लागतो.